टोमासचा निरोप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — आईला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका.

सिंगापूरला मी इतिहासात पोस्टडॉक करत होते. बेडोकच्या एका फ्लॅटमध्ये एक म्हातारे कमांडर लेकीकडे राहत. एका छोट्या बेटांच्या देशाच्या नौदलातले. तिथे यादवी पेटली, अध्यक्ष पळाला, आणि हे जहाजावरून उतरून थेट त्याच्या खुर्चीत बसले. युद्धभर देश त्यांनीच चालवला. शेवटी हरले, परागंदा झाले. त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम मी मागून घेतलं. मागून — हे लक्षात घ्या.

कारण माझे बाबा त्या युद्धात गेले. मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. बंदर शत्रूच्या हाती पडू नये म्हणून कमांडरांनी त्याच्या तोंडाशी सुरुंग पेरले — परकी जहाजं आत असतानाच, कुणाला न कळवता. बाबांचं जहाज बाहेर पडताना फुटलं. मी शाळेत होते. अग्नी द्यायला आईला त्यांचा देहसुद्धा मिळाला नाही.

कमांडरांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांची दृष्टी गेली होती, ऐकूही कमी यायचं. लेक ऑफिसला गेली की मी त्यांना कॉफी द्यायची, त्यांचे फोन घ्यायची. मला ते आवडायचे का? कधी कधी — हो. त्याचाही राग यायचा.

एका दुपारी सुरुंगांचा विषय त्यांनी स्वतःच काढला. त्यांचा उपप्रमुख टोमास त्यावरून भांडला होता. आधी जहाजांना बाहेर जाऊ द्या, म्हणत होता. ऐकलं नाही म्हणून सोडून गेला, पुन्हा कधी बोलला नाही.

"मरायच्या आधी त्याला एकदा सांगायचंय," ते म्हणाले, "की त्याचंच बरोबर होतं." टोमासला शोधून दे, एवढंच त्यांनी माझ्याकडे मागितलं.

मी शोधला. तो यायला लगेच तयार झाला. आणि एके दिवशी त्याचा फोन आला — सिंगापूरला उतरलोय, कधी येऊ?

कमांडर समोरच बसले होते, चेहरा माझ्या दिशेने वळवून. मी फोन घेऊन कॉरिडॉरमध्ये गेले. टोमासला सांगितलं, त्यांचा विचार बदललाय, त्यांना तुम्हाला भेटायचं नाही. तो फक्त थँक्यू म्हणाला.

आत आले. कमांडरांच्या कानाशी वाकले.

"टोमास येणार नाही. तुम्हाला माफी नाही, म्हणाला."

दुसरं वाक्य कशाला हवं होतं? पहिल्यानेही काम झालं असतं. पण मला त्यांचा चेहरा पाहायचा होता — आणि मी तो नीट, डोळे भरून पाहिला. त्यांनी फक्त मान हलवली, जणू शिक्षा मान्य आहे.

पुढे ते बोलेनासे झाले. रेकॉर्डिंग बंद पडलं. महिन्याभरात गेले.

बाबांच्या जहाजासाठी भांडलेला तो एकच माणूस, आणि त्यालाच मी हत्यार केलं — हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं.

अंत्यविधीला टोमास आला होता, मागच्या रांगेत. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "शेवटपर्यंत हट्टीच राहिला." मी हो म्हटलं. मग बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सवर गेले. कडकडून भूक लागली होती. मी पोटभर जेवले.