एकट्या पडलेल्या दवाखान्याचे डॉक्टरसाहेब

डॉक्टर भगवंतरावजींना पंचाहत्तरावं वर्ष लागलं, म्हणून अमरावतीच्या मंडळींनी हा ग्रंथ काढला आणि माझ्याकडेही चार शब्द मागितले. मला लिहिता येत नाही. मी, गिरजाबाई, सांगते आहे. नात लिहून घेते आहे.

साहेबांची नि माझी पहिली गाठ कापसाच्या तेजीतली. काय ते दिवस! वेशीबाहेरचा भाजीचा मळा सोडून आमच्या यांनीसुद्धा कापसाची हमाली धरली होती. एका सकाळी थप्पीवरचा गठ्ठा घसरला आणि यांची नडगी मोडली. खाटेवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथं साहेब एकटे! कंपाउंडर दलालाच्या पेढीवर गेलेला, पट्ट्या बांधणारे दोघे कापूस दाबायला, पाणक्यासुद्धा पळालेला. ओसरी मात्र दुखणाइतांनी भरलेली.

साहेब मला म्हणाले, "बाई, टाच धरा आणि सांगेन तशी ओढा. हाड नीट बसलं नाही तर हे जन्मभर लंगडतील."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण दुसरं होतं कोण? दात-ओठ खाऊन ओढलं. हे ओरडले, "अवं, जीव घेतं काय वं माहा?" तेवढ्यात हाड बसलं. घाम पुसत साहेब म्हणाले, "हात पक्का आहे तुमचा. इथं कामाला याल?"

घरी ही गोष्ट सांगितल्यावर सासूबाई कडाडल्या, "परक्या मानसाच्या अंगाले हात लावशीन? लोकं तोंडात शेन घालतीन!" विषय तिथंच मिटला.

त्याच सुमारास एका शेठजींनी साहेबांनाही जास्त पगारावर पेढीवर बोलावलं होतं. साहेब हसून म्हणाले, "मी आलो तर दवाखान्याला कुलूप घालायलाही कोणी उरणार नाही हो!" असा त्यांचा स्वभाव. इतकी ओढाताण, पण गरिबावर कधी खेकसले नाहीत.

यांच्या पायाला बांधलेल्या फळ्या सोडायला साहेब स्वतः आमच्या घरी आले. घोंगडीवर बसून त्यांनी भाकर-ठेचा खाल्ला, मग फळ्या काढल्या आणि यांना म्हणाले, "उठा, आईपर्यंत चालत जा."

हे भिंतीला धरून उठले, मग भिंत सोडून चालत गेले. सासूबाई ढसाढसा रडल्या.

"आई, हाड मी बसवलं, पण पाय धरला हिनं," साहेब म्हणाले. "असे पाय रोज येतात, धरायला माणूस नाही. सूनबाईंना पाठवा."

सासूबाईंनी डोळे पुसले. "न्या बापा. पन सैपाक करून येईन थे!"

तशी मी गेले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिले. पुढे अकोल्याला पटकीची साथ आली तेव्हा साहेबांनी मला आणि मी शिकवलेल्या दोघींना सोबत नेलं. आधी आम्हाला जेवायला बसवायचे, मग स्वतः बसायचे. असा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं.

साहेब, देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो आणि तब्येत ठणठणीत ठेवो. सत्काराला आम्ही दोघं येतो. गाडी पाठवू नका, हे ऐकत नाहीत. म्हणतात, "डॉक्टरसायबाकडे मी माह्या पायानंच जाईन."