चांदी वजा करून

वडनेरच्या अंगणवाडीत मंदाबाई रुजू झाल्या ती तारीख त्यांना पाठ होती. १३ जून १९९४, सोमवार. त्या दिवशी त्यांच्या ताब्यात एक पत्र्याची पेटी, चार रजिस्टरं आणि लहान मुलांना झोळीत बसवून मोजायचा एक टांगता वजनकाटा आला. तो वापरायचा कसा, हे सांगायला कोणी आलं नाही. प्रशिक्षण पुढे होईल, असं कळवण्यात आलं होतं. ते पुढे यायला दोन वर्षं लागली.

मंदाबाई शेतकऱ्याघरच्या सून, मॅट्रिक पास. काम अंगावर पडलं की ते चोख करायचं, ही त्यांची खोड. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या काटा आड्याला टांगत आणि गावातली सहा वर्षांखालची सगळी मुलं मोजत. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक तक्ता होता. त्यावर वयाप्रमाणे वर चढत जाणाऱ्या रेघा छापलेल्या होत्या. वजनाचा ठिपका कोणत्या रेघेखाली पडतो त्यावरून मुलाची श्रेणी ठरायची. तिसऱ्या श्रेणीत गेलेल्या मुलाला दुप्पट सुकडी, म्हणजे अंगणवाडीतला कोरडा पौष्टिक आहार, मिळे आणि त्याला डॉक्टरकडे पाठवायचं असे.

मंदाबाईंच्या रजिस्टरात तिसऱ्या श्रेणीत एकही मूल नव्हतं. हिंगणघाटच्या मासिक बैठकीत मुख्यसेविकांनी त्यांना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. ती गोष्ट मंदाबाईंनी घरी तीनदा सांगितली. चौथ्यांदा सांगायला लागल्या तेव्हा नवरा म्हणाला, "आता त्या टाळ्या दुखून राह्यल्या माह्या कानात."

अशा मानानं त्या २ सप्टेंबर १९९६ला वर्ध्याच्या प्रशिक्षण केंद्रात तीन महिन्यांसाठी दाखल झाल्या. सोबत वळकटी, एक ट्रंक आणि आपलं रजिस्टर. रजिस्टर कोणी मागितलं नव्हतं.

तिथे शिकवायला सुलोचनाबाई होत्या. किडकिडीत, जाड चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी. कोणी "आमच्याकडे असंच असते, मॅडम" म्हटलं की त्या विचारत, "तुम्ही स्वतः पाहिलंत, की ऐकलंत?" चाळीसजणींपैकी निम्म्या त्यांना घाबरत. मंदाबाई घाबरत नव्हत्या. रोज रात्री जेवणानंतर त्या दिवसभराचं टिपण दुसऱ्या वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून काढत.

चौथ्या आठवड्यात जवळच्या वस्तीत वजनाचं प्रात्यक्षिक होतं. मंदाबाईंनी झोळी लावली, एका बाईच्या कडेवरचं बाळ अलगद उचललं, झोळीत बसवलं आणि काट्यावरचा आकडा वाचला. सगळं मिनिटभरात. त्या कौतुकाची वाट पाहत मागे वळल्या.

"कमरेला काय आहे त्याच्या?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"करदोडा आहे, मॅडम. चांदीचा."

"आणि पायात?"

"तोरड्या."

"ते काढून पुन्हा वजन करा."

बाळाच्या आईनं हे ऐकलं मात्र, तिनं पोर झोळीतून उचललं आणि मागे न पाहता घर गाठलं. दार लावल्याचा आवाज आला.

"नाई काढत आमच्याकडे, मॅडम," मंदाबाई म्हणाल्या. "मुलाच्या कमरेचा करदोडा जन्मल्यावर बांधतेत अन् मेल्यावर तोडतेत. मधात कोणी हात नाई लावत. मी कधी काढाले सांगतलंच नाई."

"मग दोन वर्षं तुम्ही काय मोजलंत?"

सुलोचनाबाईंच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मंदाबाईंच्या डोळ्यांपुढे एकच मूल आलं, प्रमिलाबाईंचा नातू आदेश.

प्रमिलाबाईंचं वडनेरात किराणा दुकान होतं. मुलगा बाहेरचा माल पाहायचा, पण गल्ल्यावर आणि तराजूवर त्या स्वतः बसत. सून रीता हिला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगा झाला. नवस फेडायचा म्हणून आजीनं त्याला गावात कोणाला नसेल एवढी चांदी घातली. दर पाच तारखेला त्या त्याला मिरवत आणत. आदेश आता चौदा महिन्यांचा होता. त्याचा ठिपका तिसऱ्या रेघेच्या जेमतेम वर असे, आणि मंदाबाई हायसं वाटून पान उलटत.

त्या रात्री त्यांनी रजिस्टर उघडलं. जुलैत सहा किलो चारशे. ऑगस्टलाही सहा किलो चारशे. चांदी वजा केली तर तो ठिपका कुठे जाईल, याचा त्या अंदाज करत बसल्या. लेकरू तिसऱ्या श्रेणीत असेल तर दोन वर्षांच्या टाळ्या खोट्या होत्या. टाळ्या गेल्या तर गेल्या, पण त्याला ना दुप्पट आहार मिळाला होता, ना डॉक्टर, आणि मॅडमच्या सांगण्याप्रमाणे ते वय पुन्हा येणारं नव्हतं.

२९ सप्टेंबरला रविवारची सुटी होती. पहिल्या एसटीनं त्या हिंगणघाट आणि तिथून वडनेरला आल्या. घरी पिशवी ठेवून थेट प्रमिलाबाईंच्या दुकानात गेल्या.

"काकू, आदेशचं वजन पुन्हा करा लागते. पण करदोडा अन् तोरड्या काढून."

प्रमिलाबाईंचा साखर तोलणारा हात तराजूवरच थांबला. "काय म्हणतलं? वर्ध्याले जाऊन हेच शिकली का व तू? करदोडा काढाचं नाव माह्या दारात काढू नोको."

मंदाबाई पायरी उतरल्या. वर्ध्याच्या बाईनं दार लावलं होतं, इथे दार उघडं ठेवून तेच झालं. त्या भर उन्हात चौकात उभ्या राहिल्या, आणि समोरच त्यांना लक्ष्मणराव सोनारांचं दुकान दिसलं. गावात तेवढं एकच सोनाराचं दुकान होतं.

लक्ष्मणराव फुंकणी तोंडाला लावून बसले होते.

"काका, आदेशचा करदोडा किती तोळ्याचा आहे जी?"

फुंकणी खाली आली. "काऊन? प्रमिलाबाईनं पाठवलं का तुले?"

"नाई जी, मलेच पाह्यजे."

"तीन पिढ्या झाल्या आमच्या या गावात. माह्या चांदीवर आजलोक कोणी बोट नाई ठेवलं. आता अंगणवाडी चांदी तपासून राह्यली का?"

"चांदी नाई, काका. लेकरू तपासून राह्यली मी." मंदाबाईंनी त्यांना काटा, रेघ, ठिपका सगळं समजावून सांगितलं. लक्ष्मणरावांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"वजनाचं काम हाये म्हण ना मंग. करदोडा बारा तोळे. हातातले वाळे पाच. तोरड्या आठ. झाले पंचवीस. कागद नाई लागत मले, माहं घडवलेलं मले पाठ हाये."

पंचवीस तोळे म्हणजे अडीचशे ग्राम. मंदाबाईंनी वही काढली. "मंग बाकीच्या लेकरायचंही सांगा."

लक्ष्मणराव सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. गावातल्या त्रेपन्न मुलांच्या अंगावरची चांदी एका बैठकीत उतरली. मध्येच लक्ष्मणरावांनी आवाज बारीक केला. "नत्थूजीच्या नातवाचा करदोडा सारं गाव चांदीचा म्हणते. पितळेचा हाये तो. आठ तोळे लिही, अन् कोणापाशी बोलू नोको."

"वजन लिहितो मी, काका. धातू नाई लिहीत."

मग त्यांनी आणखी एक मागणी केली. पंचवीस तोळे चांदी घटकाभर उसनी हवी होती. लक्ष्मणरावांनी वाळे-तोरड्या मोजून रुमालात बांधल्या, पण रुमाल हातात दिला नाही. "चांदी जाईन तिथं मी येईन," म्हणाले, आणि चपला घातल्या.

मंदाबाई अंगणवाडीतला वजनकाटा घेऊन, मागे सोनार घेऊन, पुन्हा दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"काकू, काही काढू नका. जसा आहे तसाच बसवा त्याले."

असं म्हटल्यावर नाही म्हणायला जागा उरली नाही. काटा दुकानाच्या आड्याला लागला. रीतानं आदेशला झोळीत बसवलं. काटा सहा किलो चारशेवर थांबला. मंदाबाईंनी आकडा मोठ्यानं वाचला, मुलाला उतरवलं आणि रिकाम्या झोळीत तो रुमाल ठेवला. काटा शंभर-शंभर ग्रामची दोन घरं सरकून तिसऱ्याच्या मध्यावर गेला.

"हे का हाये?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आदेशच्या अंगावर जेवढी चांदी हाये, तेवढी. सोनारकाकाले विचारा."

लक्ष्मणरावांनी मान हलवली.

"काकू, तुम्ही गिऱ्हाइकाले तेल देता तवा डबा मोजता का तेलात?"

प्रमिलाबाई ताठ झाल्या. रिकाम्या डब्याचं, पोत्याचं जे वजन आधी वजा करतात त्याला दुकानदारीत बारदान म्हणतात, आणि बारदानाच्या बाबतीत त्यांचं दुकान पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. "आमच्या दुकानात बारदान कधी मालात धरलं नाई. सासऱ्यायच्या वेळपासून नाई."

"मी धरलं, काकू. चौदा महिने. माही चूक आहे."

एक गिऱ्हाईक गुळाला आलं होतं, तेही उभं राहून पाहत होतं. प्रमिलाबाईंनी झोळीतला रुमाल उचलून हातात तोलला. मग आदेशला घेतलं आणि तोही तसाच तोलला.

"मंग माहा नातू किती?"

"सहा किलो दीडशे." मंदाबाईंनी तक्ता उघडून नवा ठिपका लाल शाईनं दिला. तो तिसऱ्या रेघेखाली पडला.

आतल्या दारात उभी असलेली रीता पदर सावरत हळूच म्हणाली, "मी म्हणत होती ना, आत्याबाई. कडेवर हलका लागते तो."

"घरी म्हैस हाये, दुकान भरलं हाये," प्रमिलाबाई म्हणाल्या, पण आता त्या मंदाबाईंना विचारत होत्या. तेव्हा उलगडत गेलं. म्हशीचं दूध लेकराला जड जातं म्हणून त्यात दुप्पट पाणी घातलं जात होतं, आणि वरणभात दात पुरते येईपर्यंत द्यायचा नाही, असं घरात ठरलं होतं. मंदाबाईंनी कोणालाच बोल लावला नाही. दूध कसं द्यायचं, वरणभात मऊ करून त्यात तेल किती घालायचं, दिवसातून किती वेळा, हे त्यांनी आपल्या टिपणाच्या वहीतून वाचून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी हिंगणघाटच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. सुकडीसाठी प्रमिलाबाईंनी झाकणाचा रिकामा डबा दिला; दुकानदाराच्या घरी सरकारी सुकडी जाते, हे गावाला दिसायला नको होतं. "अंगणवाडीच्या मदतनीसबाईले सांग, झाकण लावूनच आणजो म्हणा."

मंदाबाईंनी तेही मान्य केलं.

त्रेपन्न मुलांचे ठिपके पुन्हा दिले तेव्हा तिसऱ्या श्रेणीत सातजण निघाले. मंदाबाईंनी ते सातही लाल शाईत लिहून, केंद्रातून एका दिवसाची रजा काढून, हिंगणघाटच्या पुढच्या बैठकीत ठेवले. मुख्यसेविकांच्या कपाळावर आठी पडली. "वडनेरला तर एकही नव्हतं ना, मंदाबाई?"

"होते, मॅडम. मले दिसत नव्हते."

त्या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पण परतीच्या एसटीत शेजारच्या दोन गावांच्या सेविका त्यांच्याजवळ सरकून बसल्या आणि विचारू लागल्या, "सोनाराले नेमकं कसं विचारलं व तुम्ही?"

नोव्हेंबरअखेर प्रशिक्षणाची अखेरची परीक्षा झाली. मंदाबाईंच्या रजिस्टरात वयाच्या रकान्याशेजारी हातानं आखलेला एक नवा रकाना होता. वर लिहिलं होतं, अंगावरचे. सुलोचनाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि तो रकाना फळ्यावर जसाच्या तसा आखला. "पुढच्या तुकडीपासून हा माझ्या पाठात राहील," त्या म्हणाल्या. "ज्यांनी आखला त्यांचं नाव मी सांगेन." आदेशचं वजन त्या महिन्यात पावणेसात किलो भरलं. चांदी वजा करून.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मंदाबाईंनी काचेत बसवून घेतलं. नवऱ्यानं स्वतः खिळा ठोकला. टाळ्यांबद्दल तो पुन्हा कधी काही बोलला नाही.

२००३ साली सेलूला नव्या सेविकांची तुकडी बसली, तेव्हा वजनाचा धडा घ्यायला मंदाबाईंना बोलावणं आलं. त्या प्रमिलाबाईंकडून तेलाचा एक रिकामा डबा मागून घेऊन गेल्या. तो पिशवीत घालून एसटीपर्यंत पोचवून दिला आदेशनं. तेव्हा तो दुसरीत होता, आणि त्याच्या करदोड्यात लक्ष्मणरावांना दोनदा कड्या वाढवाव्या लागल्या होत्या.

वर्गात त्यांनी आधी डबा काट्याला टांगला, आकडा लिहायला लावला, आणि मग बोलायला सुरुवात केली. तासाच्या शेवटी मागच्या रांगेतली रूपाली नावाची मुलगी उठली. नवीनच लागलेली, वही छातीशी धरलेली.

"मॅडम, आमच्या गावात सोनारच नाई. मंग कसं कराचं?"

मॅडम म्हणून त्यांना प्रथमच कोणी हाक मारली होती. मंदाबाईंनी फळ्यावरचा हात खाली घेतला. सोनार नसलेल्या गावाचा विचार त्यांनी कधी केलाच नव्हता.

"बस बेटा," त्या म्हणाल्या. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि आपली वही उघडली. "तुमच्या गावच्या बाया दागिने कुठून आणतेत, ते आधी सांग."