वडशाला लावलेला फोन

पेटी उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास आला, की तो हिवाळा आठवतो. झाडीपट्टीतल्या नाटकांना कपडेपट भाड्याने द्यायचा माझा धंदा. पेट्या घेऊन मी गावोगाव फिरायचो, म्हणून बुकिंग घ्यायला वडशातली, घरी फोन असलेली एक बाई पगारावर ठेवली. पहिल्याच दिवशी जीव थाऱ्यावर राहीना. आरमोरीच्या एसटीडी बूथमध्ये घामेजलेला रिसिव्हर कानाला लावून मी घडीघडी विचारत होतो, “बाई, कोनाचा फोन आला काय?” शेवटी ती वैतागली. “भाऊ, लाइन तं तुमीच अडवून ठेवली हाये. मंग गिऱ्हाईकाचा फोन येईन कसा?” बूथवाला खुदकन हसला. आता दुकान मुलगी पाहते. सकाळपासून तिला मोबाइल लावतोय. ती उचलतच नाही.