आक्काची राहिलेली दुसरी सुई

मंडळींनो, आज सकाळी नात सईला घेऊन बोर्लीच्या डॉक्टरांकडे धावले. तिच्या वर्गात कांजिण्यांची साथ आहे आणि लसीचा दुसरा डोस आमच्याकडून लांबलाय.

वाटेत सारखी आक्का आठवत होती. साठ-बासष्टच्या सुमारास आमच्या कोळीवाड्यात विषमज्वराची लस टोचायला सरकारी दवाखान्याचे लोक आले, तेव्हा माझी ही बहीण चौदा वर्षांची होती. पहिल्या सुईने तिला ताप भरला. दुसरीच्या वेळी आई म्हणाली, "एक घेतली हाय, पुरं झाली." त्याच पावसाळ्यात आक्का विषमज्वराने गेली.

डॉक्टर म्हणाले, "आजी, उशीर झाला तरी पहिला डोस वाया जात नाही. पण दुसरा मिळेपर्यंत संरक्षण अपुरंच."

सुई टोचून घरी आलो. सई निवांत झोपलीय आणि मी पुन्हापुन्हा तिचं कपाळ चाचपतेय.

तुमच्या मुलांचा दुसरा डोस राहिलाय का?