फोल्डर रिकामं होतं

न उलगडणारे अनुभव मी आवडीने वाचते, पण वाचताना समासात पेन्सिलीने कारणं लिहायची माझी सवय. वारा असेल. अर्धवट झोप. भास. नगरच्या एका कॉलेजात तीस वर्षं ग्रंथपाल होते. प्रत्येक गोष्टीला कुठलं ना कुठलं कपाट असतंच, अशी माझी समजूत. त्यामुळे हे लिहायला मला चार महिने लागले...

माझे यजमान विनायक मागच्या दिवाळीनंतर गेले. हृदयविकार. भिंगारला नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ एका प्लगइनमध्ये. अंध माणसं कॉम्प्युटर ऐकून वापरतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्याला मराठी नीट वाचता यावी म्हणून विनायकांनी ही जोड लिहिली होती. ती ओपन सोर्स – सगळं उघडं, कुणीही घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. पण प्रत्यक्ष बोलणारा आवाज एका परदेशी कंपनीचा. ती फाईल बंद. आत काय आहे ते दिसत नाही, आणि दुसऱ्याला द्यायला मनाई. म्हणून विनायकांनी ती कधीच कुणाला दिली नाही. प्लगइन आमच्याकडून घ्यायचं, आवाज कंपनीच्या साइटवरून ज्याचा त्याने उतरवायचा.

"म्हंजे गाडी गावाची अन् बैल पाटलाचे!" हे प्लगइन वापरणारे कर्जतकडचे शिक्षक भानुदास सर त्यांना फोनवर चिडवायचे. "पाटलानं बैल सोडून नेले म्हंजे?"

"तेच बदलतोय हो सर," विनायक म्हणायचे. एक मोकळा, कुणाच्याही मालकीचा नसलेला आवाज होता, तो जोडायचा त्यांचा वर्षभर प्रयत्न चालला होता. पण तो आवाज जोडाक्षरांवर अडखळायचा. काम अर्धवटच राहिलं.

या मे महिन्यात कंपनीने आवाज उतरवायचं ते पान काढून टाकलं. नेमका त्याच सुमारास सरांचा कॉम्प्युटर बिघडला. शाळेने नवा लॅपटॉप दिला, पण त्यात कंपनीचा तो आवाज नाही. सर लहानपणापासून अंध; वर्गात धडा शिकवायचा तर आधी कॉम्प्युटरवर ऐकून तयारी करायची, ही त्यांची पद्धत. सर आणि त्यांची बायको कमलताई एसटीने आमच्याकडे आले.

मंगळवार होता. सकाळचे साडेअकरा. आमचं घर केडगावात, पुणे रस्त्यापासून आत दुसऱ्या गल्लीत. वीज दहालाच गेली होती, म्हणजे इंटरनेटही बंद. मी विनायकांच्या पेनड्राइव्हवरून सरांच्या लॅपटॉपवर प्लगइन टाकलं. पडद्यावर ओळ उमटली – आवाजाची फाईल सापडली नाही. आवाजाचं फोल्डर उघडून पाहिलं. रिकामं.

"हेडमास्तर म्हणत्यात, जूनपासून ऑफिसात बसा," सर म्हणाले. "वर्ग दुसऱ्याला. बावीस वर्षं शिकवलं वैनी... आता नुसतं बसायचं."

आवाजाची फाईल त्याच पेनड्राइव्हवर होती. विनायकांनी स्वतःपुरती उतरवलेली. मी त्या दोघांना तसं सांगितलं.

"मग टाका की!" कमलताई म्हणाल्या. "कोन येतंय बघायला?"

"विनायकरावांनी दिली असती का?" सरांनी विचारलं.

"तुमी गप बसा हो. ते देवमानूस हुते, तुमी काय?"

"देवमानूस बिवमानूस काय न्हाई. हट्टी हुता लई. पन त्याचा हट्ट मी न्हाई मोडायचा."

फाईल उचलायला मी बोट पुढे नेलं. मग पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

आणि लॅपटॉप बोलू लागला.

आवाज विनायकांचा नव्हता. तसा असता तर मी आजही भास म्हटलं असतं. कंपनीचाच, तो सपाट, बाईचा आवाज – जी फाईल त्या लॅपटॉपमध्ये नव्हतीच, तिचा. "मोकळा आवाज जोडण्यासाठी," तो म्हणाला. "एक. शब्द जसाच्या तसा पाठवू नये."

सरांनी क्षणही घालवला नाही. पिशवीतून ब्रेलची पाटी काढली, कागद अडकवला आणि टोचायला लागले. टक टक टक. जोडाक्षरं कुठे तोडायची, आकडे कधी वाचायचे, कुठला क्रम उलटा करायचा... सहा पायऱ्या. मग आवाज थांबला.

"काय लावलं हुतं वैनी?"

"काही नाही, सर."

कमलताईंनी हात जोडले होते. मी फोल्डर पुन्हा उघडलं. रिकामं.

विनायकांना दुरून मदत करणारा निखिल म्हणून पुण्याचा एक मुलगा आहे, प्रोग्रामर. त्याला फोन लावला. सरांनी कागदावर बोटं फिरवत सहाही पायऱ्या वाचून दाखवल्या. निखिल म्हणाला, "काकू, जुनं काहीतरी उरलं असेल त्यात." मी विचारलं, "नव्या कोऱ्या लॅपटॉपमध्ये?" त्यावर त्याने सहाही पायऱ्या पुन्हा विचारून लिहून घेतल्या आणि त्याप्रमाणे जोडणीला लागला. पुढे मी विनायकांच्या सगळ्या फाइली, वह्या, पुस्तकांत खोचलेल्या चिठ्ठ्यासुद्धा पाहिल्या. तो मजकूर कुठेच नाही.

तिसऱ्या दिवशी मोकळा आवाज बोलला. जरा पत्र्याचा आहे, पण अडखळत नाही. आता प्लगइनला कंपनीची फाईल लागत नाही. सगळं एकाच पुडक्यात, ज्याने त्याने पुढे द्यावं. सर जूनपासून वर्गावर आहेत. पोरं त्या आवाजाची नक्कल करतात म्हणे.

एक गोष्ट राहिली होती. या कामात प्रत्येक बदल कुणी केला आणि कधी केला, हे नोंदवावं लागतं. निखिलचा फोन आला. "काकू, त्या सहा पायऱ्या कुणाच्या नावावर टाकू? माझं नाव टाकणं खोटं होईल."

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "मी नुसतं उतरवून घेतलं."

मग मी निखिलला विनायकांचं नाव टाकायला सांगितलं. "आणि तारीख?" तो म्हणाला. मी म्हटलं, जी आहे तीच. त्या मंगळवारची.

नोंद तशीच आहे, कुणीही उघडून पाहावी. नाव खरं आहे, तारीखही खरी आहे. ती दोन्ही एका ओळीत कशी आली, ते मला माहीत नाही.