अक्काच्या मागाचा खड्डा

नरसव्वाअक्का गेल्याचा निरोप मला बार्शीला, शाळेत, मधल्या सुट्टीत मिळाला. कुर्डुवाडीला गाडी बदलून सोलापूर गाठलं तोवर सगळं उरकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं, तर गल्लीपुढच्या मैदानात एकही ताणा पसरलेला नव्हता. विणकरांच्या वस्तीत सकाळी ताण्याच्या उभ्या सुताला कुणी खळ लावत नाही, म्हणजे घरटी सुतक धरलेलं...

अक्का माझ्या नात्याची नव्हे. आमची भिंत एक. नवरा गेल्यावर एका मागावर लुगडी विणून तिने लेक वाढवली, उजवली. मी बी. ए. झालो, आमच्या गल्लीतला पहिला, हे मी मान ताठ ठेवून सांगतो. पेढा द्यायला गेलो तेव्हा म्हणाली, "एवढा मोठा पास झालास, आन् पेढा एवढा बारका व्हय रं?"

मैदानाची गोष्ट त्यानंतरची. जागा एका सावकाराची होती आणि तो ती चाळी बांधणाऱ्याला विकायला निघाला. ताणा पसरायला जागा नाही, तर घरात माग असून करायचं काय? जागा गल्लीनेच घ्यायची ठरवून पंचांनी जत्रेपर्यंत मुदत मागून घेतली. विकलेल्या दर लुगड्यामागे एक पैसा बाजूला पडू लागला. लग्नघरी अक्षतांच्या आधी पंचांचा डबा फिरे. सूत रंगवणारे मुसलमान शेजारीही मागे राहिले नाहीत. ताणा त्यांच्याही पोटाचा होता. तरी तूट राहिलीच, आणि सगळी भिस्त जत्रेतल्या नारळावर आली.

देवीपुढचा नारळ आमच्यात बोली लावून घेतात. ज्याची बोली शेवटची, नारळ त्याचा, पैसे पंचांच्या डब्यात. आणि देवीसमोर तोंडातून गेलेली बोली मागे घेता येत नाही. अक्का बायकांच्या घोळक्यातून टोमणे मारून बोली चढवण्यात पटाईत. त्या वर्षी सुताचा एक व्यापारी मध्येच थांबला, तशी ती ओरडली, "का वो शेट, लेकीच्या वरातीला हत्ती आनला, आन् देवीच्या नारळाला हात आखडला?" सगळे हसले, शेट चढले. पुन्हा थांबले. तूट अजून भरत नव्हती. तेव्हा अक्काने स्वतःच वरची बोली दिली. ती शेटला डिवचायला, हे पोरासोरांनाही कळत होतं. शेटने तिच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "घ्या अक्का, नारळ तुमचा."

पंच हळूच म्हणाले, "अक्का, चेष्टा होती असं समजू."

"देवीफुडं चेष्टा? न्हाय. आना नारळ हिकडं."

तिने माग विकला. दुसरं विकण्यासारखं होतं काय तिच्याकडे? पंचांच्या नावाने मैदान खरेदी झालं. खरेदीखत मी लिहिलं, गल्लीत माझी वाहवा झाली. त्या शेटला मात्र मी आजही नमस्कार करत नाही.

पुढे अक्का दुसऱ्यांसाठी मजुरीवर धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरू लागली. सकाळी मैदानात येई, ज्याचा ताणा असेल त्याचं टोक धरी. तिचा स्वतःचा ताणा त्या मैदानात पुन्हा कधी पसरला नाही. एकदा मी विचारलं, "अक्का, शेट चढेल असं खरंच वाटलं होतं?"

"वाटलं होतं की. मानूस वळखायला चुकले." मग, माझ्याकडे न बघता, "पन जागा ऱ्हायली न्हवं..."

माग गेला, तरी विणताना पाय सोडून बसायचा त्याचा घरातला खड्डा तिने बुजवू दिला नाही. "मग पाय कुटं सोडू?" म्हणायची. काठावर बसून, खड्ड्यात पाय सोडून कांड्या भरायची. हात कांडीवर, आणि खाली पाय माग चालवताना हलावेत तसे आपोआप हलत असायचे. ते पाहवत नसे.

तेराव्यानंतर तिची लेक इरव्वा मातीचं घमेलं घेऊन दारात उभी होती. "अण्णा, बुजवू का? पोरं पडत्यात." मी वाकून पाहिलं. तळाशी तिच्या टाचांनी पडलेल्या दोन खळग्या होत्या.

तेवढ्यात बाहेर मैदानातून, जुन्या सवयीने, कुणीतरी हाक मारली, "ओ अक्का, टोक धर..." आणि हाक मारणारा मध्येच थांबला.

इरव्वाने घमेलं तसंच खाली ठेवलं, डोळ्यांना पदर लावला आणि टोक धरायला गेली.