केसपेपरात न आलेली शेळी

"सिस्टर, इथं कथाकथन नको. आकडे सांगा."

राउंडवर मोठे डॉक्टर मला म्हणाले. मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. सगळे हसले. नगरच्या हॉस्पिटलात माझा पहिला महिना होता. एक बाई दोन दिवस जेवत का नाही, ते मी सांगत होते. त्यांनी माझं आडनाव विचारलं. ऐकून म्हणाले, "अच्छा. जयंतीच्या भाषणांत वाढलात. बोलणारच." पुन्हा हशा.

ती भाषणं ऐकूनच मी शिकले होते. तरी मान खाली घातली.

मग मी याद्या करू लागले. ताप, नाडी, बीपी. चौकोन आणि खूण. चोवीस वर्षांत माझ्या वॉर्डाचा एक कागद अपुरा राहिला नाही. याचा मला अभिमान होता.

गेल्या हिवाळ्यात मिरजगावच्या एका आजींना मुलानं आणलं. डोकं दुखत होतं, पाय लटपटत होते. बीपी वाढलेलं. नवी शिकाऊ डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

"आमची शेळी लई वांड हाय बघ. दिवाळीच्या आदी तिला पाण्यावर नेली, तर असं वढलं मला..."

"मग, आजी?"

"मग काय! तिला लाज न्हाई अन् मला दम न्हाई."

शिकाऊ मुलगी हसली. माझे सहा केसपेपर बाकी होते.

"डॉक्टर, इथं कथाकथन नको. रकाने भरा."

माझ्याच तोंडून. मुलगी उठली. मी यादीतला प्रश्न विचारला, "आजी, कालपरवा पडलात का?"

"न्हाई, बाई."

'नाही'वर खूण झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी उठेनात. स्कॅन केला. मेंदूवर जुनं रक्त साचलं होतं. शेळीनं ओढलं तेव्हा त्यांचं डोकं हौदावर आपटलं होतं. मुलाला ठाऊक नव्हतं, फोनवर शेजारणीनं सांगितलं. ऑपरेशन झालं. जीव वाचला. बोलणं गेलं.

मीटिंगमध्ये विभागप्रमुखांनी टिपण पुढं केलं : 'रुग्ण व नातेवाइकांनी पडल्याची माहिती लपवली.'

"सही करा, सिस्टर. तुमच्याच सोयीचं आहे."

होतंच. पेन हातात होतं. बाहेर बाकावर आजींचा मुलगा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "मीच इचारलं न्हाई आईला."

समोर ती शिकाऊ मुलगी मान खाली घालून बसली होती.

"आजी सांगत होत्या," मी म्हणाले. "मी थांबवलं."

"नोकरीचा विचार करा."

"केलाय."

सही केली नाही. बाहेर जाऊन मुलाला सांगितलं, "दादा, तुमच्या आईनं सांगायला घेतलं होतं. मी पुरं होऊ दिलं नाही."

त्यानं विचारलं, "मंग आता कशी सांगंल वं ती?"

मी बाकावर त्याच्याशेजारी बसले.

चौकशी लागली आहे. 'अनवधानाने घडले' एवढं लिहून द्या, मिटवून टाकू, म्हणतात. शिकाऊ डॉक्टरांच्या दर नव्या तुकडीला मी हा प्रसंग सांगते, तेही बंद करा म्हणतात. बंद करणार नाही. आणि अनवधान नव्हतं. मला नीट ऐकू येत होतं. तसंच लिहून देणार आहे.